तोरणातला पाहुणा

दसरा-दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रातले कोणतेही दार पाहावे. ते चाळीतल्या एका खोलीचे असो, वाड्याचे असो की शेतावरच्या खोपटाचे असो. चौकटीवर आंब्याच्या पानांत ओवलेली झेंडूची फुले नाहीत असे सहसा होत नाही. बाजारात पहाटेपासून केशरी-पिवळे डोंगर उभे राहतात आणि उन्हे चढेपर्यंत ते गावभर वाटले जातात. देव्हाऱ्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर, रिक्षाच्या आरशावर, कारखान्यातल्या लेथवर, गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यात एकच फूल. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की राम लंका जिंकून अयोध्येला परतला तेव्हा नगरजनांनी ह्याच फुलांची तोरणे बांधली असणार, असे आपण मनात धरून चालतो. चित्रकारही तसे काढतात आणि चित्रपटवालेही तसेच दाखवतात.

मौजेची गोष्ट अशी की अयोध्येत झेंडू नव्हता. हस्तिनापुरात नव्हता, देवगिरीला यादवांच्या राज्यातही नव्हता. ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीच्या कोणत्याही परसात तो फुलला नाही. त्या वेळी तो होता समुद्रापलीकडे, मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखात. आणि त्या मुलखाचे नावही आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हते. झेंडूच्या गोत्रात सुमारे ५० जाती आहेत आणि त्या साऱ्यांचे माहेर अमेरिका खंड हेच आहे. आपल्या दारावरचे तोरण पानापुरते प्राचीन आणि फुलापुरते अर्वाचीन आहे.

मग हा पाहुणा इतका घरचा झाला कसा? वाचकहो, ह्या प्रश्नाचे थोडे उत्तर इतिहासाच्या ग्रंथांत सापडते. पण बरेचसे झाडापाशीच सापडते. म्हणून आधी एक रोप नीट पाहू या.

झेंडूचे बी म्हणजे एक काळी, करवंदाच्या काट्याहूनही बारीक काडी. तिच्या एका टोकाला वाळक्या गवताच्या रंगाचा लहानसा झुबका असतो, जणू चिमुकला कुंचलाच. आषाढात ते मातीत टाकावे. चार-सहा दिवसांत दोन लांबट दले वर येतात. त्यानंतर येणारे प्रत्येक पान पिसासारखे चिरलेले आणि कडेला दातेरी असते. असे एक पान तोडून उजेडाकडे धरावे. त्यात सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. पान नुसते बोटांत चुरडले की त्या फुटतात आणि तो उग्र, कडवट, काहीसा औषधी वास हाताला चिकटून राहतो. गुरे ह्या झाडाला सहसा तोंड लावीत नाहीत ते ह्याच वासामुळे. कुंपणाशिवायही ते वाढते, ही त्याची पहिली गरिबाघरची सोय.

रोप वीतभर झाले की माळी त्याचा शेंडा खुडतो. पाहणाऱ्याला ते निर्दयपणाचे वाटते. पण खुडलेल्या शेंड्याखालून आठ-दहा फांद्या फुटतात आणि जिथे एक फूल यायचे तिथे दहा येतात. श्रावण-भाद्रपदाच्या सरींत झाड नुसतेच वाढत राहते. मग पाऊस ओसरू लागतो, दिवस आखडू लागतो, आणि फांद्यांच्या टोकांना हिरव्या, उभ्या रेघांच्या पेल्यांसारख्या कळ्या दिसू लागतात. पेल्याच्या काठावरून आधी पिवळी कड डोकावते. फूल एकदम उमलत नाही. बाहेरची ओळ आधी उघडते, तिच्या आतली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्याच्या आतली आणखी पुढे. अशी एकेक ओळ करीत ते मध्याकडे सरकत जाते. गुलाब सकाळी फुलून संध्याकाळी थकतो. झेंडूचे एक फूल झाडावर कितीतरी दिवस ताजे राहते.

आता हे फूल उलगडून पाहावे. लहानपणी आपण सर्वांनी ते केले आहे. ज्याला आपण पाकळी म्हणतो ती ओढली की तिच्या तळाशी एक पांढुरकी काडी येते, आणि ती काडी म्हणजे पुढचे बी. ह्याचा अर्थ ती पाकळी हीच एक संपूर्ण फूल आहे. सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू एकाच कुळातले. ह्या कुळात एक फूल म्हणून दिसते ती पुष्कळ फुलांची वस्ती असते. काठाची रुंद जिभेची ती किरणपुष्पके, मधली नळीसारखी ती बिंबपुष्पके. रानटी झेंडूत किरणांची जेमतेम एक ओळ असते आणि मध्ये मोठे बिंब. आपल्या बाजारातला गच्च गोंडा रानात नव्हताच. जास्त भरगच्च दिसले त्या फुलाचे बी राखायचे, पुढच्या वर्षी त्यातले आणखी भरगच्च निवडायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या करीत शेतकऱ्यांनी बिंबातल्या नळ्यांच्या जिभा करून घेतल्या. त्या माणसांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांचा लेख म्हणजे हे फूल.

एका फुलात अनेक फुले आहेत, ही गोष्ट त्याच्या पहिल्या घरच्या लोकांनी फार पूर्वी हेरली होती. मेक्सिकोतल्या आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत त्याचे नाव सेम्पोआल-शोचित्ल. शोचित्ल म्हणजे फूल आणि सेम्पोआल म्हणजे वीस. त्यांची मोजणीच विसांची होती. आपल्याकडे वीस नगांची कोडी मोजीत, तसा त्यांचा एक पुरा हिशेब विसावर येत असे. 'वीसफूल' म्हणजे त्यांच्या लेखी पुष्कळ पाकळ्यांचे फूल. गुजरातीत झेंडूला हजारीगल हे एक नाव आहे. तिकडे वीस, इकडे हजार; मोजणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या, पण फुलाकडे पाहून दोघांच्याही मनात आधी मोजदादच आली.

१५२१ साली एर्नान कोर्तेस ह्या स्पॅनिश सरदाराने आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान पाडली. देवळे पाडली गेली, पोथ्या जाळल्या गेल्या, साथींनी माणसे गेली. ह्या पडझडीतून थोडेसे ज्ञान वाचले ते दोन-तीन ग्रंथांमुळे. १५५२ साली मार्तीन दे ला क्रूस नावाच्या एका स्थानिक वैद्याने आपल्या लोकांच्या वनस्पतींचे एक पुस्तक सिद्ध केले आणि हुआन बादियानो ह्या त्याच्याच जातभाईने ते लॅटिनमध्ये उतरवले. ते पुस्तक शतकानुशतके युरोपातल्या ग्रंथालयांत पडून होते; शेवटी पोपच्या ग्रंथालयातून १९९० साली ते मेक्सिकोला परत मिळाले. त्यात ह्या वीसफुलाचे उपयोग दिले आहेत. उचकी लागली असता, वीज अंगावर पडली असता, आणि नदी सुखरूप पार करायची असता! पुढे बेर्नार्दिनो दे साआगुन ह्या ख्रिस्ती साधूने आस्तेक लोकांच्या वृद्धांना विचारून विचारून बारा भागांचा जो प्रचंड ग्रंथ तयार केला, त्यातही ह्या फुलाचे वर्णन आहे. जिंकलेल्यांचे राज्य गेले, देव गेले; फूल मात्र राहिले.

राहिले, आणि प्रवासालाही निघाले. स्पॅनिश गलबतांतून ते युरोपात पोहोचले आणि तिथे त्याच्या पत्त्याचा जो घोटाळा झाला तो आजतागायत सुटलेला नाही. लिओनहार्ट फुक्स ह्या जर्मन वैद्याने १५४२ साली छापलेल्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्याचे चित्र दिले, आणि त्याला चिकटवले 'इंडियन' म्हणून. कारण कोलंबसाच्या चुकीमुळे अमेरिकाही तेव्हा 'इंडीज'च होती. फ्रेंच लोक आजही लहान झेंडूला हिंदुस्थानी कार्नेशन अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. इंग्रजांनी मोठ्या झेंडूला 'आफ्रिकन मेरीगोल्ड' म्हटले आणि लहान मखमली झेंडूला 'फ्रेंच मेरीगोल्ड'. त्यांतला एकही आफ्रिकेचा नाही, एकही फ्रान्सचा नाही. मेरीगोल्ड हे नावही उसनेच. मेरीचे, म्हणजे येशूच्या मातेचे सोने. ते आधी युरोपातल्या एका वेगळ्याच पिवळ्या फुलाचे नाव होते, ते ह्या नवागताला मिळाले. म्हणजे तिकडेही ह्या फुलाने देवाच्या दारी जागा मिळवली ती दुसऱ्याच्या नावावर!

शास्त्रज्ञांनी दिलेले नाव मात्र मोठे अर्थपूर्ण निघाले. १७५३ साली लिनियसने वनस्पतींना दुहेरी नावे दिली तेव्हा मोठा झेंडू 'टॅजेटीस इरेक्टा' झाला. टॅजेटीस ह्या शब्दाचा संबंध टॅजीझ ह्या इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या पुराणपुरुषाशी जोडतात. शेतकरी नांगरीत असता तासातून एक मूल वर आले. रूप बालकाचे आणि शहाणपण वृद्धाचे, अशी त्याची कथा आहे. मराठी वाचकाला ती ऐकताच जनकाच्या नांगराच्या तासात सापडलेली सीता आठवल्यावाचून राहणार नाही. जमिनीतून वर येते ते मूल कोणाचे, हा प्रश्न तिथेही कोणी विचारला नाही. ज्याच्या शेतात सापडले त्याचे ते झाले.

हिंदुस्थानात यायला ह्या फुलाला वाटा मोकळ्या होत्या. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. ब्राझील, आफ्रिकेचे टोक आणि गोवा असा त्यांच्या गलबतांचा राबता सुरू झाला. १५६५पासून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून स्पॅनिश जहाजे पॅसिफिक ओलांडून मनिलाला येऊ लागली, आणि तो अडीचशे वर्षांचा मार्ग आशियाच्या बाजाराला जोडला गेला. मिरी-दालचिनीच्या गोणींची नोंद वखारीत होत होती. चिमूटभर काळ्या काड्यांची नोंद कोण करणार? ती नोंद राहिली लोकांच्या जिभेवर.

फुलांची नावेच पाहा ना! कमळाला, चाफ्याला, जाईला संस्कृतात नावांच्या माळा आहेत. झेंडूला आपल्या बहुतेक भाषांनी जी नावे दिली ती प्रथमच पाहिलेल्या वस्तूला पोर जे नाव ठेवील तशी आहेत. हिंदीत गेंदा, म्हणजे गेंदेसारखा. कानडीत चेंडु हूवु, म्हणजे चेंडूफूल. तेलुगूत बंती, त्याचाही अर्थ चेंडूच. आपल्या कोकणात गोंडा. तमिळांनी त्याला तुलुक्क सामंदी म्हटले, म्हणजे तुर्कांची शेवंती. परक्या मुलखातून आले म्हणजे ते तुर्कांचेच, असा हिशेब! आणि गोव्यात झेंडूला रोजां म्हणतात, त्यात पोर्तुगीजांचा 'रोझा', म्हणजे गुलाब, अजून ऐकू येतो. नव्या सुनेला सासरी प्रत्येकाने आपापल्या लाडाचे नाव ठेवावे तसा हा प्रकार आहे. सारी नावे प्रेमाची, पण सांगतात एकच, की ही माहेरून अलीकडे आली.

जुन्या काव्यांतही तीच साक्ष आहे. कालिदासाने 'मेघदूता'त अलकानगरीच्या स्त्रियांचा शृंगार वर्णिला आहे, त्यात कमळ आहे, कुंद आहे, लोध्र, कुरबक, शिरीष आणि कदंब आहे. सहा ऋतूंची सहा फुले. शरद ऋतूवर त्याची इतकी माया, पण शरदातला झेंडू त्याला दिसला नाही, कारण दिसण्यासारखा तो इथे नव्हताच.

ह्यावर एखादा कर्मठ गृहस्थ दचकून विचारील, की मग परदेशी फूल देवाला वाहावे तरी कसे? त्याने आधी आपल्या उपासाच्या ताटाकडे पाहावे. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, रताळे अमेरिकेचे, शेंगदाणा अमेरिकेचा, हिरवी मिरची अमेरिकेची, आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही अमेरिकेचाच. एकादशीच्या दिवशी जे धान्य चालत नाही ते इथले, आणि जे चालते त्यातले बरेचसे तिकडचे! फुलांचीही तीच कथा. पूजेतल्या हारातला निशिगंध मेक्सिकोचा, देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिकेचा, संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी तिकडचीच. शेवंती चीनकडून आलेली आणि बारमास सदाफुली मादागास्करची. धर्मशास्त्राने ह्यांतल्या एकालाही आवतण दिले नव्हते. परवानगी दिली ती घरातल्या बायकांनी, माळ्यांनी आणि गुरवांनी; आणि ती एकदा दिल्यावर कोणत्याही शास्त्रीबुवांना मागे घेता आली नाही.

पण बटाटा पोटामुळे रुजला. झेंडू खायचा नाही, हुंगायचा नाही, बायका तो केसांत माळीत नाहीत. तरी तो दसऱ्या-दिवाळीचेच फूल का झाला?

नकाशा उघडावा म्हणजे कळते. मेक्सिको शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९ अंशांवर आहे. मुंबईही १९ अंशांवर. पृथ्वीच्या दोन बाजूंना ही दोन शहरे एकाच सूर्याच्या एकाच उंचीखाली वसलेली आहेत. तिकडच्या डोंगराळ मुलखातही पावसाळा जून ते सप्टेंबर, आणि ऑक्टोबरात आभाळ मोकळे. झेंडूचे झाड दिवसाची लांबी ओळखते. दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरण्याची त्याला घाई होते. एरवीही ते फुलते, पण असे भरभरून फुलते ते शरदातच. इतका लांबचा प्रवास करून हे बी सह्याद्रीच्या पायथ्याशी मातीत पडले तेव्हा त्याला डोक्यावर ओळखीचे ऊन मिळाले, ओळखीचा पाऊस मिळाला आणि ओळखीच्याच महिन्यात आखडणारा दिवस मिळाला. त्याने आपले जुने पंचांग बदलले नाही. जुन्या घरी तो ज्या सुमारास फुलत होता त्याच सुमारास इथे फुलला, आणि फुलून पाहतो तो इथे नवरात्र बसलेले!

आपल्यालाही त्याची गरज होतीच. दसऱ्याचे सारे चित्र सोन्याचे. आपट्याची पाने सोने म्हणून लुटायची, खंडेनवमीला शस्त्रे-हत्यारे पुजायची, कोकणात भाताच्या पिवळ्या लोंब्या आणून दाराला नवे बांधायचे. सोन्याचे नाव तोंडी होते, पीक शेतात होते. पण मूठभर पैशांत टोपलीभर मिळेल असे सोन्याच्या रंगाचे फूल त्या दिवसांत हवे होते. जाई-जुईची फुले दुपारपर्यंत कोमेजतात. ती दारावर टिकत नाहीत. झेंडूच्या पाकळ्या गळत नाहीत, कारण प्रत्येक पाकळीच्या तळाशी तिचे बी धरून ठेवलेले आहे. सुई आरपार गेली तरी फूल विसकटत नाही. तोरण बांधावे असेच त्याचे अंग आहे.

माहेरी त्याचा सण कोणता, हेही सांगितले पाहिजे. मेक्सिकोत दर वर्षी १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचे दिवस पाळतात. ख्रिस्ती पंचांगातली तिथी आणि आस्तेकांचे जुने आचार ह्यांची ती वेणी आहे. घरोघरी गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात, तिच्यावर त्यांच्या आवडीचे पदार्थ आणि दिवे ठेवतात, आणि दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट घालतात. त्या रंगाने आणि त्या उग्र वासाने पितरांना घरची वाट सापडते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

आपली दिवाळी आनंदाची. मृतांचा तिच्याशी काय संबंध, असे वाटेल. पण आपल्या धर्मग्रंथांत आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी उल्कादान सांगितले आहे. पितृपक्षात घरी येऊन गेलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून पेटती चूड उंच धरून दाखवायची. आज तो विधी फारसा कोणी करीत नाही. पाहा, दोन खंडांतल्या, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या माणसांना शरदाच्या त्याच काळोख्या रात्री आपल्या गेलेल्यांची आठवण झाली. तिकडच्यांनी त्यांना घरी बोलावण्यासाठी फुलांची वाट केली, इकडच्यांनी निरोप देण्यासाठी उजेडाची. आज त्या दोन्ही दारांत एकच फूल आहे. हे कोणी घडवून आणले नाही. एका चिमुकल्या बियाने दोन घरे जोडली.

आपल्याकडे ह्या फुलाला प्रतिष्ठा मात्र बेताचीच मिळाली. कवींनी गुलाबाला, मोगऱ्याला, पारिजातकाला मनसोक्त आळवले. झेंडू बाजारी राहिला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'केशवकुमार' ह्या नावाने आचार्य अत्र्यांनी विडंबनकाव्ये लिहिली आणि संग्रहाला नाव दिले 'झेंडूची फुले'. गंभीर कवींच्या सुगंधी फुलांपुढे आपली ही साधी, भडक, हसरी फुले, हा त्यातला खट्याळपणा मराठी वाचकाला समजावून सांगावा लागला नाही. झेंडूची पायरी कोणती हे सर्वांना ठाऊक होते.

पण ती पायरी कामकऱ्यांची आहे. खंडेनवमीला सुताराच्या करवतीवर, लोहाराच्या ऐरणीवर, छापखान्यातल्या यंत्रावर, एस्‌टीच्या तोंडावर मोगरा चढत नाही. तिथे झेंडूच लागतो. तेलाने माखलेल्या लोखंडाला शोभेल असे दुसरे फूल आपल्यापाशी नाही. आणि तो स्वतःही कामकरी आहे. त्याच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक ठरतात, हे १९५८ साली डच संशोधकांनी दाखवून दिले. टोमॅटोच्या सऱ्यांत मधूनमधून झेंडू लावतात तो शोभेसाठी नव्हे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग आधी झेंडूवर अंडी घालतो, आणि टोमॅटो वाचतो. त्याच्या पाकळ्यांतला पिवळा रंग, ल्यूटिन, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात म्हणजे अंड्याचा बलक पिवळाधमक होतो; आपल्या डोळ्यांच्या पडद्यावरही निसर्गाने तोच रंग घातलेला आहे. त्यासाठी दक्षिणेत शेतेच्या शेते झेंडूची लावतात. देवाच्या गळ्यात मिरवून झाल्यावर इतकी कामे करणारे फूल विरळा.

ह्या कामकऱ्याच्या मागे आणखी एक कामकरी उभा असतो, त्याचाही विचार सणाच्या दिवशी मनात यावा. जुन्नर-पुरंदरचा किंवा साताऱ्याकडचा शेतकरी आषाढात रोप लावतो ते दसऱ्याची तिथी मोजून. त्याच्या साऱ्या खर्चाची भरपाई दोन-तीन दिवसांच्या बाजारात व्हायची असते. हस्ताचा पाऊस त्याच वेळी कोसळला तर फुले झाडावरच सडतात; सर्वांचेच पीक चांगले आले तर भाव पडतो, आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेला फुलांचे ढीग टाकून तो रिकाम्या गाडीने परत जातो. आपण पाव किलोसाठी दोन रुपये घासाघीस करतो तेव्हा तोलायच्या काट्यावर दुसऱ्या बाजूला हे सारे असते.

शेवटी एक गोष्ट बियांची. १९५४ साली अमेरिकेतले बियाण्यांचे व्यापारी डेव्हिड बर्पी ह्यांनी शुभ्र पांढरा झेंडू करून दाखवणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले. ते मिळवायला एकवीस वर्षे लागली. १९७५ साली आयोवा राज्यातल्या एका हौशी बागवान बाईंनी ते जिंकले. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. दर वर्षी सर्वांत फिकट फुलाचे बी राखायचे आणि पुढच्या वर्षी पेरायचे, एवढीच त्यांची विद्या. आपल्या अनाम शेतकऱ्यांनी झेंडूचा गोंडा भरगच्च केला तो ह्याच विद्येने.

ही विद्या आता घरांतून नाहीशी होत चालली आहे. पूर्वी दसऱ्याचे तोरण दिवाळीनंतर उतरवले की वाळकी फुले कुस्करून परसात टाकीत. पहिल्या पावसात तिथे आपोआप रोपे उगवत आणि पुढच्या दसऱ्याला घरचीच फुले दाराला लागत. बाजारातल्या आजच्या पुष्कळ फुलांचे बियाणे संकरित असते. त्यांतल्या काहींत बी धरतच नाही, आणि धरले तरी रोप आईबापांच्या गुणावर जात नाही. शिवाय दारावर प्लॅस्टिकचा झेंडूही आला आहे. तो कोमेजत नाही, हा त्याचा गुण म्हणून सांगतात. मला तोच त्याचा मोठा दोष वाटतो. ज्याला वाळता येत नाही त्याला बी कोठून यायचे?

आपले काय आणि परके काय, ह्यावर माणसे पुष्कळ भांडली आणि भांडतात. झेंडूने त्या भांडणात भाग घेतला नाही. तो आला, ज्या मातीत पडला तिथे रुजला, तिथल्या सणाला फुलला, तिथल्या माणसांच्या कामाला आला. पाच शतकेही पुरी झाली नाहीत, तोवर त्याच्यावाचून आपला सण अडू लागला. परंपरा म्हणजे काही आकाशातून पडलेली शिळा नव्हे. कोणी तरी कधी तरी नवे फूल तोरणात ओवले, ते शोभले, पुढच्या वर्षी पुन्हा ओवले, आणि नातवंडांच्या वेळेपर्यंत ते सनातन झाले. दर वर्षी बी राखणारा एक हात असला की पुरे.

तेव्हा ह्या दिवाळीचे तोरण उतरवताना गावरान दिसणारे एखादे फूल बाजूला काढून ठेवावे. ते चांगले वाळू द्यावे, कागदाच्या पुडीत बांधून वर महिना लिहावा, आणि पुढच्या आषाढात घरातल्या सर्वांत लहान पोराच्या हाताने कुंडीत टाकावे. चार-सहा दिवस वाट पाहावी लागेल. मग दोन लांबट पाने वर येतील.